ती माझं सगळं ऐकून घेते, पण ती डॉक्टर नाहीये

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील काढून:

मी ४४ वर्षांची, शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं की लघवी गळायची, त्यासाठी वर्षभरापूर्वी एका ‘विमेन्स हेल्थ एज्युकेटर’चा ऑनलाइन क्लास लावला. तिने शिकवलेल्या व्यायामांनी खरंच खूप फरक पडला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नीट ऐकून घेतलं. पण गेले सहा-सात महिने पाळीत खूप जातंय, गाठी पडतात, आठ-नऊ दिवस चालतं, जिना चढताना दम लागतो. गायनॅककडे गेले तर चार मिनिटांत ‘या वयात होतंच’ म्हणून गोळ्या लिहून दिल्या, तपासलं पण नाही. एज्युकेटर म्हणाली हा हॉर्मोनल इम्बॅलन्स आहे, शरीर साफ होतंय, घाबरू नकोस, आणि तिच्याकडचं एक सप्लिमेंट सुचवलं. मधे एका मैत्रिणीने शोधून काढलं की तिचं शिक्षण वेगळ्याच विषयातलं आहे आणि हेल्थमधला फक्त एक वीकेंड सर्टिफिकेट कोर्स केलाय. तेव्हापासून फसल्यासारखं वाटतंय. तिला विचारायची लाज वाटते, तिचा अपमान होईल. वर तीच म्हणते तू छान शिकवतेस, माझा सहा आठवड्यांचा कोर्स कर आणि तूही कोच हो. आता मी डिग्रीवाल्या डॉक्टरवर विश्वास ठेवू की बिनडिग्रीच्या पण ऐकून घेणाऱ्या बाईवर?

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी एक काम करा, हे वाचून झालं की याच आठवड्यातली गायनॅकची अपॉइंटमेंट घ्या. त्याच डॉक्टर नको असतील तर दुसऱ्या. आठ-नऊ दिवस रक्तस्राव, गाठी आणि त्यावर दम लागणं, हे सहा महिने अंगावर काढण्यासारखं नाहीये. आणि कधी तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास सलग चाललंय, किंवा चक्कर येतेय, बसल्या जागी धडधडतंय असं झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता माझ्याबद्दल, कारण विषयच तो आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझं शिक्षण समुपदेशनातलं आहे आणि गेली बरीच वर्षं मी बायकांच्या तब्येतीच्या, घरच्या, मनाच्या तक्रारी ऐकते. म्हणजे तुम्हाला नेमकं काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. कुणाला काय विचारायचं आणि उत्तर आलं की त्यात काय बघायचं, एवढं मला चांगलं माहीत आहे.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही डॉक्टर एका बाजूला आणि एज्युकेटर दुसऱ्या बाजूला असं मांडलंय, एकीकडे डिग्री आहे पण माया नाही, दुसरीकडे माया आहे पण डिग्री नाही. पण दोघींनी तुम्हाला सांगितलं काय? एक म्हणाली या वयात होतंच, दुसरी म्हणाली हॉर्मोन्स हलतायत, शरीर साफ होतंय. बोलायची पद्धत वेगळी, पण अर्थ एकच ना, की वयाचं आहे, सोडून दे. आणि दोघींपैकी कुणीही हे न तपासता म्हटलं. एकीला तपासता येत होतं, तिने तपासलं नाही. दुसरीला तपासता येत नव्हतं, तिने ते कबूल केलं नाही. म्हणून डिग्री की माणूस हा वाद मला इथे लागूच होत नाही असं वाटतं. दोघींनीही आपलं काम जिथे थांबायला हवं होतं किंवा जिथे सुरू व्हायला हवं होतं ती जागा चुकवली.

‘हॉर्मोनल इम्बॅलन्स’ या शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण तो फार ऐकू येतो आणि ऐकताना शास्त्रीय वाटतो. तो निदान नाहीये. गायनॅकॉलॉजिस्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिगोने, २०११ साली पाळीतल्या अनियमित किंवा जास्त रक्तस्रावाच्या कारणांची एक वर्गवारी छापली, त्यात नऊ गट आहेत. पहिले चार असे की जे सोनोग्राफीत दिसतात किंवा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना तपासून कळतात: पॉलिप (म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ), ॲडेनोमायोसिस (म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइडच्या गाठी, आणि कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल. मग रक्त गोठण्यातले दोष, अंडं नियमित सुटत नसणं, खुद्द अस्तरातला बिघाड, एखाद्या औषधाचा किंवा कॉपर टीचा परिणाम, आणि शेवटी जे या कशातच बसत नाही ते. हॉर्मोन्सचा मामला या नऊपैकी मुख्यतः एका गटात येतो. थायरॉइड पण त्यातच बघतात. चाळिशीनंतर तो गट खरंच जास्त दिसतो, म्हणून ‘वयाचं आहे’ हे अनेकदा बरोबरही निघतं, पण बाकीचे आठ बघून मग बरोबर निघणं वेगळं आणि न बघताच बोलणं वेगळं. आणि शरीर साफ होणं वगैरे काही नसतं हो. पाळीचं रक्त घाण नसतं, ते तुमचंच लोह आहे जे दर महिन्याला जास्तीचं जातंय.

तर डॉक्टरकडे जाल तेव्हा तोंडी सांगू नका, लिहून न्या. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस, सगळ्यात जास्त असतं त्या दिवशी किती पॅड, रात्री उठून बदलावं लागलं का, गाठी केवढ्या, दम कधी लागतो. शिक्षिका आहात, एक छान तक्ता कराल. आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि त्या सप्लिमेंटची बाटली, दोन्ही पर्समध्ये टाका, कारण काही सप्लिमेंटमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होतो आणि डॉक्टरने विचारलं नाही तर आपण सांगत नाही. आणि मग सरळ विचारा, हे कशामुळे होत असेल, आणि बाकीची कारणं नाहीयेत हे तुम्ही कसं ठरवाल? हिमोग्लोबिन बघाल तेव्हा फेरिटिन पण बघाल का (हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो), थायरॉइड, सोनोग्राफी, आणि ४४ व्या वर्षीसुद्धा आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अस्तराचा नमुना घ्यायची गरज आहे का हेही विचारा, साधारण ४५ च्या पुढे तो सहज सुचवतात, आणि वजन किंवा इतर काही धोका असेल तर त्याआधीही. एवढं विचारल्यावरही कुणी चार मिनिटांत उठवलं तर तिसऱ्या डॉक्टरकडे जा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आता शिक्षणाचं, डिग्रीचं. डिग्री म्हणजे नक्की काय असतं असं मला विचाराल तर, या माणसाला काय बघायची सवय लावली गेलीय, कुणाच्या देखरेखीखाली लावली गेलीय आणि चुकल्यावर त्याला कुणाला उत्तर द्यावं लागतं, या तीन गोष्टी त्यातून कळतात. ती व्यक्ती प्रेमळ आहे की नाही हे कळत नाही. आणि तिला सगळं येतं असंही कळत नाही, हे आपण विसरतो.

गायनॅकॉलॉजिस्ट एमबीबीएसनंतर किंवा तशाच मूळ डॉक्टरकीनंतर काही वर्षं बाळंतपणं, ऑपरेशनं, इमर्जन्सी यात घालवते, तिथे तिचा हात बसतो. पण मेनोपॉजबद्दल शांतपणे बसून बोलायचं शिक्षण तिला मिळालं असेलच असं नाही. याला एक इतिहास पण आहे. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा, पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हॉर्मोन्स देण्याचा भाग धोका दिसला म्हणून मधेच थांबवला, बातमी जगभर गेली, आणि डॉक्टर आणि बायका दोघंही हॉर्मोन थेरपीपासून एकदम लांब पळाले. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पन्नाशीच्या आसपास त्रास होणाऱ्या बाईला तो धोका जसाच्या तसा लावता येत नाही, हे नंतरच्या विश्लेषणांत पुढे आलं, पण तोवर त्या काळात शिकलेल्या अनेक डॉक्टरांच्या हाताखालून हा विषय निसटूनच गेला होता. आज त्यासाठी वेगळी तयारी करणारे लोक आहेत, अमेरिकेतली मेनोपॉज सोसायटी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते आणि ती परीक्षा आधीच लायसन्स असलेल्यांनाच देता येते, त्यात डॉक्टरांसोबत नर्स आणि फार्मासिस्टही असतात. म्हणजे तेही सर्टिफिकेटच, पण खाली आधीच एक पाया असतो. ‘सर्टिफाइड’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, सर्टिफिकेट कशाच्या वर बसलंय?

मिडवाइफचं बघा. बऱ्याच लोकांना वाटतं मिडवाइफ म्हणजे अनुभवी सुईण, अंदाजाने काम करणारी. मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषाप्रमाणे थेट शिकणारीला किमान तीन वर्षं आणि नर्सिंग करून येणारीला किमान अठरा महिने शिक्षण लागतं. त्याउलट ड्यूला बाळंतपणात पूर्ण वेळ सोबत असते, पाठ चोळते, धीर देते, ट्रेनिंग बहुतेक वेळा काही दिवसांचं, आणि तपासणी, औषध, निर्णय यातलं काही ती करत नाही. मग ती कमी का? अजिबात नाही. बाळंतपणात सतत कुणीतरी सोबत असल्याने नॉर्मल डिलिव्हरीचं प्रमाण वाढतं हे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन दिसलंय. पण चांगली ड्यूला बाळाचे ठोके कसे आहेत हे स्वतः ठरवत नाही, ती डॉक्टरला हाक मारते. स्तनपानाच्या बाबतीतही तसंच, आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन झालेल्या लॅक्टेशन कन्सल्टंट १९८५ पासून आहेत, त्यांना दर पाच वर्षांनी सर्टिफिकेट नवं करावं लागतं, आणि शेजारी दोन दिवसांचं वर्कशॉप केलेली मदतनीस पण असते, तिची मदत खरीच असते, फक्त बाळाचं वजन वाढत नसेल तर तिने कुणाकडे पाठवायचं हे तिला माहीत हवं.

तुमच्या व्यायामांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे तुम्हाला खरा फायदा झालाय आणि तो तुम्ही आता रागात नाकाराल अशी भीती वाटते. नाकारू नका. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन गायनॅकॉलॉजिस्टने हे व्यायाम मांडले, ते नाव आज सगळ्यांना माहीत आहे, पण त्याने ते नुसते तोंडी सांगितले नव्हते. त्याने दाब मोजणारं एक साधं उपकरण बनवलं होतं, बाई ते आत ठेवून स्नायू आवळायची आणि काटा हलतो का ते स्वतः बघायची, म्हणजे बरोबर स्नायू आवळला जातोय की नुसतं पोट नाहीतर मांड्या ताणल्या जातायत हे तिला तिथल्या तिथे कळायचं. पुढे सगळीकडे पसरलं ते फक्त ‘आवळा आणि सोडा’ एवढंच. तोंडी सांगून पुष्कळ बायकांना तो स्नायू नीट सापडत नाही, काही तर उलट खाली जोर देतात. आणि काहींचा पेल्विक फ्लोअर (म्हणजे हेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) सैल नसून उलट सतत आखडलेला असतो, त्यांना आवळायचे व्यायाम दिले तर दुखणं वाढतं. तुमच्या नशिबाने तुम्हाला बरोबर जमलं. पण ऑनलाइन क्लासमधल्या चाळीस चौकोनांत कुणाचं बरोबर होतंय हे त्या बाईला दिसणं शक्यच नव्हतं. पेल्विक फ्लोअरची फिजिओ असते ती हे हाताने तपासून सांगते, आणि तिथेही नुसतं फिजिओथेरपीची डिग्री आहे म्हणून होत नाही, हे शिक्षण वर वेगळं घ्यावं लागतं, म्हणून ‘तुम्ही आतून तपासणी करता का, ते कुठे शिकलात’ हे विचारायला हरकत नसते.

अशी एक फिजिओ मला भेटली होती. माझ्या बहिणीला घेऊन गेले होते, कंबर आणि ओटीपोट दुखायचं म्हणून. तिने अर्धा तास प्रश्न विचारले, मधेच बहीण म्हणाली की पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली पण मागच्या महिन्यात दोन दिवस थोडं डाग पडल्यासारखं झालं होतं. फिजिओने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आज मी तुम्हाला हात लावणार नाही, आधी हे गायनॅकला दाखवा, आणि एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, पाळी गेल्यावर रक्तस्राव, कृपया तपासावे, खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर. ‘झालं की परत या, व्यायाम पळून जात नाहीत.’ बहिणीचं पुढे साधं निघालं. पण तो कागद मी अजून ठेवलाय. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं असतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं, तिला माहीत होतं आणि आपलं काम कुठे संपतं हेही माहीत होतं. तेव्हापासून मी कुणाचंही बॅकग्राउंड विचारते तेव्हा खरं म्हणजे हेच शोधत असते.

तर एज्युकेटरला विचारायचं कसं. तुम्ही म्हणता तिचा अपमान होईल. तुमच्या शाळेत पालक विचारतात की नाही, मॅडम तुमचा विषय कोणता, किती वर्षं शिकवताय? तुम्हाला अपमान वाटतो का? ज्याने खरंच मेहनत घेतलीय त्याला हा प्रश्न आवडतो, तो दोन वाक्यं जास्तच सांगतो. तुम्ही असं काहीतरी लिहा, ‘ताई, तुमच्या व्यायामांनी मला खूप बरं वाटलं. तुमचं शिक्षण आणि ट्रेनिंग काय झालंय, किती महिन्यांचं, प्रत्यक्ष पेशंटसोबत काम करून घेतलं होतं का, आणि तुमच्यासोबत कुणी डॉक्टर जोडलेले आहेत का, हे कळलं तर बरं होईल.’ बास. मैत्रिणीने काय शोधलं ते मधे आणू नका. डॉक्टर, नर्स किंवा फिजिओ असेल तर तुमच्याकडच्या कौन्सिलच्या किंवा बोर्डाच्या रजिस्टरमध्ये नाव असतं, बऱ्याच ठिकाणी ते ऑनलाइन बघता येतं, तेही बघायला संकोच नको. कोच किंवा एज्युकेटर या नावांमागे मात्र बहुतेक ठिकाणी असं रजिस्टरच नसतं, कुणीही ते नाव लावू शकतं, म्हणून तिथे आपल्यालाच जास्त विचारावं लागतं.

फसवणूक झाली का, हे तिच्या उत्तरावरून ठरवा. तिने कधी स्वतःला डॉक्टर किंवा थेरपिस्ट म्हणवून घेतलं होतं का? तसं असेल तर ती फसवणूकच आणि मग क्लास सोडा. नसेल तर वीकेंड कोर्स हा तिचा गुन्हा नाहीये, तिने व्यायाम चांगले शिकवलेत. मला खटकतं ते सप्लिमेंट. जी बाई निदान सांगते तीच त्यावरची बाटली विकते तेव्हा तिचं मन कितीही स्वच्छ असलं तरी तिला तुम्हाला दुसरीकडे पाठवणं जड जातं. हे डिग्रीवाल्यांनाही तितकंच लागू आहे.

आणि तुम्ही कोच व्हावं का? तुमच्या पत्रात हा मुद्दा शेवटी आलाय पण मला त्यातली ओढ जाणवली, आणि ती चांगली आहे. शिकवणं ही वेगळी विद्या आहे, भल्याभल्या डॉक्टरांना ती नसते, तुम्हाला आहे. मुलींना पाळीबद्दल बोलायला शिकवणं, शरीराच्या भागांना त्यांच्या नावाने हाक मारायला शिकवणं, किती रक्तस्राव म्हणजे जास्त हे तक्त्यावर दाखवणं, डॉक्टरकडे जाताना काय लिहून न्यायचं ते सांगणं, हे सगळं तुम्ही करू शकता आणि त्याने कितीतरी जणींचे महिने वाचतील. पण त्यासाठी जो कोर्स कराल तो कोण शिकवतंय, मूल्यमापन कोण करतं, आणि त्यात ‘हे दिसलं की पुढे पाठवा’ यावर किती तास आहेत, हे आधी बघा. तो धडाच नसेल तर तो कोर्स करू नका. आणि स्वतःच्या ओळखीत ‘शिक्षिका’ असंच लिहा, ते लपवण्यासारखं नाहीच. आता घाई नाहीये मात्र, आधी तुमचं हिमोग्लोबिन.

एक शेवटचं. एज्युकेटरला मेसेज कराल त्यात अजून एक प्रश्न घाला: ‘मी सांगितलेल्या त्रासात काय दिसलं असतं तर तुम्ही मला लगेच डॉक्टरकडे पाठवलं असतं?’ तिच्याकडे याचं उत्तर तयार असेल, किंवा ती म्हणेल की अगं खरंच, मी आधीच पाठवायला हवं होतं, तर व्यायामाचा क्लास खुशाल सुरू ठेवा. काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा. अपॉइंटमेंट मात्र त्या उत्तरासाठी थांबवू नका.